समता डॉक्टरांचं दुसरं एआय

निपाणीहून अकोळकडं जाताना एखादी बाई रस्त्याकडेला स्कूटर लावून, हेल्मेट आरशाला अडकवून, फोन तोंडाशी धरून एकटीच तावातावानं बोलताना दिसली, तर ती समता डॉक्टर असणार, हे त्या बाजूला सगळ्यांना माहीत होतं. गोठ्यातून बाहेर पडलं की हात धुवायचे, बादलीभर पाण्यात गमबूट खंगाळायचे, समोर आलेला चहा प्यायचा आणि गावाबाहेरच्या पहिल्या सावलीला थांबून जे बघितलं, जे दिलं, जे राहिलं ते सगळं फोनमध्ये बोलून ठेवायचं, अशी तिची रीत. लिहायला कोरडे हात लागतात. जनावरांच्या डॉक्टरचे हात दिवसभरात कोरडे असे कधी नसतातच.

समताचे वडील भीमाप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे आणि आई सोनुबाई घरी विड्या वळायची. घरात जनावर कधी नव्हतं. माणसांनाच पाय पसरायला जागा पुरायची नाही, तिथं म्हैस कुठं बांधणार? तरी शेजारणीच्या शेळीला पिल्लं व्हायची असली की ही पोरगी शाळेला दांडी मारून तिच्याजवळ बसायची. पुढं बीदरला जनावरांच्या डॉक्टरीला नंबर लागला तेव्हा भीमाप्पांनी हळूच विचारलं होतं, "माणसांची डॉक्टरीण का गं न्हाई?" आणि समतानं सरळ सांगितलं होतं, "आप्पा, मार्क तेवढं न्हाई पडलं. पर पडलं असतं तरी मी हेच घेतलं असतं." त्यातलं दुसरं वाक्य खरं की खोटं, हे तिला स्वतःलाही पुढं गोठ्यात पहिली अडलेली म्हैस मोकळी केली तेव्हाच कळलं. ते खरं होतं.

सुरुवातीची दोन वर्षं काही घरांत तिला उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून चहा मिळायचा. मग त्याच घरातली म्हैस अडायची, समता खांद्यापर्यंत हात घालून पालथं फिरलेलं रेडकू सरळ करायची, आणि तिला चुलीपाशी पाट मिळायचा. अशी एकेक करत दारं उघडली. आता निपाणीत तिचा छोटा दवाखाना होता, भोवतीच्या पाच-सहा गावांच्या दूध सोसायट्या तिच्याकडं होत्या, आणि महिन्याच्या शेवटी दूध संघाला कन्नडमधून एक अहवाल द्यायचा असायचा. तो लिहिताना तिची मान मोडून यायची. कन्नड तिला चांगलं येत होतं. प्रश्न कन्नडचा नव्हता. महिनाभर बोलून ठेवलेलं सगळं परत ऐकायचं आणि त्यातून म्हशी, गाई, रोग, औषधं वेगळी काढायची, हे काम तिला म्हैस सोडवण्यापेक्षा जड जायचं.

गेल्या माघात एका सकाळी अकोळच्या शालूबाईंचा फोन आला. त्यांची चंद्री रात्री व्याली होती आणि आता उठत नव्हती. समता पोचली तर चंद्री मान पोटाकडं वळवून बसलेली, कान गार. कॅल्शियम उतरलं होतं, त्यात शंका नव्हती. शिरेतून द्यायला हवं होतं. पण मागच्या वेताला असंच देताना चंद्रीची धडधड बिघडली होती, एवढं समताला आठवत होतं. किती दिल्यावर, किती वेगानं देताना, ते आठवत नव्हतं. ते फोनमध्ये होतं. फोनमधल्या नोंदींना नावं नव्हती, नुसते आकडे. तिनं अंदाजानं एक लावली.

"कोगनोळी. गाय लाथ मारते. मालकपण," फोन बोलला.

शालूबाई चंद्रीच्या पाठीवर पोतं टाकत होत्या. त्या थांबल्या. "कोण, त्यो का?"

"ऐकू नका हो मावशी," समता म्हणाली आणि दुसरी लावली. त्यात सौंदलग्याच्या कुणाच्या तरी सुनेनं केलेल्या थालीपिठाचं कौतुक निघालं. तिसरीत नुसता वारा. चौथीत समता एका ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत होती. शालूबाई आता पोतं विसरून कान देऊन उभ्या होत्या. अखेर ती नोंद सापडली, समतानं बाटली तळहातात धरून कोमट केली, थेंब-थेंब हळू सोडलं, एक हात चंद्रीच्या छातीवर ठेवून. थोड्या वेळानं चंद्रीनं ढेकर दिला, शेण टाकलं आणि पुढचे गुडघे टेकून उठून उभी राहिली, जणू काही झालंच नव्हतं.

"म्याडम," शालूबाई हात धुवायला पाणी घालता घालता म्हणाल्या, "तुमच्या फोनात सगळं हाय. पर कुठं हाय, तेवढंच न्हाई."

हे वाक्य समताला लागलं. घरी आल्यावर तिनं ते धाकट्या भावाला सांगितलं. भीमरत्न बेंगळुरूच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि त्या महिन्यात निपाणीतूनच, आईच्या हातचं खात, काम करत होता. तो हसला नाही. त्यानं बहिणीचा फोन मागून घेतला, त्यातला ढीग वरून खालपर्यंत बघितला आणि म्हणाला, "आक्का, तुला एक देतो. आम्ही कोड लिवायला वापरतो ते."

"मला काय करायचंय कोड घेऊन?"

"ऐक तरी. कोड म्हंजे पण फायलीच की. ते फायली वाचतंय, लिवतंय, हिकडच्या तिकडं लावतंय. तुझ्या फायलीत म्हशी हायत, माझ्या फायलीत बँकेचा हिशेब हाय. त्याला काय फरक पडतोय?"

समताच्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली. आत एक चौकोन लुकलुकत होता. समताला वाटलं होतं बटणं असतील, चित्रं असतील. काहीच नव्हतं. नुसतं लिहायचं, तेही मराठीत लिहिलं तरी चालणार होतं. भीमरत्ननं आधी सगळ्या नोंदींची एक नक्कल काढून बाजूला ठेवली. "मूळ ढिगाला कुणी हात लावायचा न्हाई. तू न्हाई, त्यानं पण न्हाई." मग आवाजाचं लिखाण करणारं साधन लावलं, त्यातून लोकांचे फोन नंबर गाळले, आणि लॅपटॉप बहिणीकडं सरकवला. "आता तू बोल त्याच्याशी. मी सांगितलं तर ते माझ्या डोक्यानं चालंल."

समतानं जपून, परीक्षेचा पेपर लिहावा तसं लिहिलं: मी जनावरांची डॉक्टर आहे. या माझ्या नोंदी आहेत. कृपया नीट लावून द्या.

दहा मिनिटांत खिडकीनं सांगितलं की झालं. समतानं फोल्डर उघडलं आणि वाचायला लागली.  मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. सोनुबाई आतून धावत आली. तिला वाटलं पोरगी रडतीय.

"काय झालं गं समे?"

समता पोट धरून हसत होती. तिनं पडद्याकडं बोट केलं, आणि भीमरत्ननं वाचून दाखवलं. 'वर्तन' नावाच्या फायलीत लिहिलं होतं की बेनाडीच्या एकूण सात म्हशींना माज आला असून त्या उद्धट झाल्या आहेत. ज्या ज्या नोंदीत 'वार अजून पडली नाही' असं समता म्हणाली होती, म्हणजे व्याल्यावर जी पडायला हवी ती वार, तिथं तिथं शेरा होता: आठवड्याचा वार नमूद नाही. आणि सगळ्यात शेवटी 'तांत्रिक अडचणी' असं एक फोल्डर होतं. त्यात भराभर एकाखाली एक: एआय फेल गेलं. एआय दुसऱ्यांदा केलं, तरी लागलं नाही. पुढच्या एआयच्या वेळी मालकानं आधी कळवावं.

आता गोठ्याच्या जगात एआय म्हणजे कृत्रिम रेतन. म्हैस माजावर आली, म्हणजे फळायला तयार झाली, की डॉक्टरला बोलवायचं आणि वळूशिवाय गाभण ठेवायची. हे त्या भागातल्या सोसायटीच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त लॅपटॉपमधल्या या दुसऱ्या एआयला.

"त्याला वाटलं त्याचीच तक्रार हाय," भीमरत्न डोळे पुसत म्हणाला.

हसणं ओसरल्यावर समतानं परत लिहायला घेतलं, पण आता पेपर लिहिल्यासारखं नव्हे. शिकाऊ पोराला गोठ्यात उभं करून सांगावं तसं. माज म्हणजे काय, वार म्हणजे काय, एआय कुठलं. खिडकीनं उत्तर दिलं: "चूक लक्षात आली. घाईत मी नुसते शब्द धरून गाळणी लावली होती, नोंदी वाचल्याच नव्हत्या. आता एकेक नोंद वाचून लावू का? आणि एक विचारायचं आहे. 'गौरी' नावाची म्हैस एका वर्षात तीनदा व्यालेली दिसते. या वेगवेगळ्या तीन गौरी आहेत का?"

"तीन कुठल्या, नऊ तरी असतील," समता मोठ्यानं म्हणाली. आणि तिला एकदम बरं वाटलं. चुकीपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा होता. न कळलेलं विचारणारा शिकाऊ पुढं चांगला निघतो, हा तिचा अनुभव.

त्या दुपारी दोघांनी मिळून एक फाईल लिहिली. समतानं तिला नाव दिलं, 'कामाची रीत'. खिडकीतला तो सहायक प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी ती वाचणार होता. जनावर ओळखायचं ते नावावरून नव्हे, तर गाव, घर आणि खूण यांवरून, कारण नावं सगळीकडं तीच असतात पण डावं शिंग वाकडं असलेली, कपाळावर चांद असलेली एकच असते. अहवालात लाळ-खुरकुताला 'कालुबायी' लिहायचं, कारण संघाला तेच कळतं. औषधाचं माप मी बोलले त्याच शब्दांत ठेवायचं, हिशेब करायला जायचं नाही. असं बरंच काही. लिहिता लिहिता समताच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं कसं काम करतो, हे आपण कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. स्वतःलासुद्धा.

शेवटी एक गोष्ट राहिली. नोंदींमध्ये जनावरांखेरीज बरंच काही होतं. चहा, रस्ते, ऊन, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सासू कशी बोलली, मध्येच समताचं गुणगुणणं. सहायकानं विचारलं, याचं काय करायचं?

समतानं लिहिलं, टाकून दे.

सोनुबाई मागं उभी राहून भीमरत्नकडून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "का टाकायचं? तेवढंच तर ऐकण्यासारखं हाय. म्हशीचा ताप मला काय करायचाय?"

म्हणून 'इतर' नावाचं एक फोल्डर झालं. पण त्यातही ती नोंद कुठल्या म्हशीच्या वेळची, ते लिहून ठेवायचं ठरलं.

पुढच्या काही आठवड्यांत समताचं काम बदललं. सकाळी चहाच्या आधी ती खिडकी उघडायची आणि विचारायची, आज कुठं जायचं? आधी अकोळ, कारण तिथल्या दोघींना दुसरी सुई आहे. वाटेत बेनाडी, कारण एकीची व्यायची वेळ झालीय. उलट्या बाजूचं गाव उद्या ठेवलं तर चालेल. कन्नड अहवालाचा कच्चा मसुदा महिनाअखेरीला तयार मिळायचा, आणि समता तो ओळ न ओळ वाचायची. बरं झालं वाचायची. कारण पहिल्याच अहवालात एका गाईपुढं 'ताप नाही' असं आलं होतं, आणि समताला पक्कं आठवत होतं की त्या गाईनं थर्मामीटर लावूच दिला नव्हता. तिनं मूळ नोंद काढली. तिथं तापाचा शब्द नव्हता.

तिनं जरा रागानंच विचारलं, हे कुठून आणलंस?

"नोंदीत नव्हतं. बाकी लक्षणांवरून मी गृहीत धरलं, तसं करायला नको होतं," उत्तर आलं. "असं आणखी कुठं झालं आहे का, ते मूळ नोंदींशी ताडून बघू का?"

आणखी चार ठिकाणी सापडलं. 'कामाची रीत' मध्ये एक ओळ वाढली आणि समतानं ती ठळक केली: मी बोललेलं नसेल ते लिहायचं नाही. जागा रिकामी सोडायची. रिकामी जागा बघून मला लाज वाटेल आणि पुढच्या वेळी मी ताप बघीन.

गावात मात्र या सगळ्याची बातमी वेगळ्याच वाटेनं गेली. अकोळच्या सोसायटीचे सेक्रेटरी नागोजी, दूध मोजता मोजता जगाची खबर ठेवणारे. त्यांना कुठूनतरी कळलं की डॉक्टर म्याडमनी घरात एआय आणलंय. त्यांनी दुधाच्या रांगेतच विचारलं, "म्याडम, घरात? मग आम्हाला बरं झालं की. कुठल्या वळूचं हाय? मुऱ्हा का जाफराबादी?"

"तसलं न्हाई हो नागोजी अण्णा. हे लिवायवाचायचं एआय."

नागोजींनी मापातलं दूध कॅनमध्ये ओतलं, विचार केला. "म्हंजे गाभण ऱ्हात न्हाई."

"न्हाई."

"मग काय उपेग?"

रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. समतापण हसली. पण नागोजी दिलदार माणूस. जाताना म्हणाले, "चैतात बायकांची मीटिंग हाय सोसायटीत. उन्हाळ्यात जनावरं कशी संभाळायची त्यावर तुम्ही बोला. आणि ते तुमचं काय ते, तेपण दाखवा."

मीटिंगला सोसायटीचा हॉल भरला होता. चाळीसेक बाया, पंखे फिरत होते, नागोजींनी वडे सांगितले होते. समतानं सुरुवात केली. पाणी दिवसातून किती वेळा दाखवायचं, गोठ्याच्या पत्र्यावर पाचट टाकायचं, दुपारी चारा घालायचा नाही. पाचव्या मिनिटाला मागच्या ओळीत जांभया सुरू झाल्या. पुढच्या ओळीतून शालूबाईंनी सरळ हात वर केला.

"म्याडम, हे आम्हाला पाठ हाय. तुमच्या त्या डब्यात आमच्या चंद्रीचं काय लिवलंय, ते वाचा की."

"सगळ्यांसमोर वाचू? तुमच्या घरचं पण काही असंल त्यात."

"वाचा. माझी म्हस काय चोरून व्याली हाय?"

हॉल हसला. समतानं फोनवर चंद्रीची फाईल उघडली. ती अजून तिनंही सलग वाचली नव्हती. तुकडे तिचे होते, बोलणं तिचंच होतं, पण एकाखाली एक लावलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

"पहिली भेट," तिनं वाचलं. "रेडी, दीड वर्षाची, कपाळावर चांद. शालूबाई म्हणतात काही खात नाही. मी उभी असतानाच तिनं शालूबाईंचा पदर खाल्ला. भूक उत्तम."

बाया फुटल्या. शालूबाई मागं वळून म्हणाल्या, "नवं लुगडं हुतं!"

"पहिलं वेत. रेडकू पायाकडनं आलं. ओढायला शालूबाई आणि त्यांचे मालक. मालकांना मध्येच चक्कर आली, त्यांना आधी सोडवलं, मग रेडकू." आता तर हॉल डोक्यावर घेतला गेला. कोपऱ्यात कॅन धुणारे शालूबाईंचे मालक कॅन तिथंच टाकून बाहेर गेले आणि बाहेरून हसत राहिले. "दुसरं वेत. सगळं ठीक. शालूबाईंनी आज चहात साखरेऐवजी मीठ घातलं. दोघी प्यालो. कुणी काही बोललं नाही."

"आत्ता सांगतायसा?" शालूबाई उठून उभ्याच राहिल्या. "मी म्हटलं तुम्ही डॉक्टर, गप पिल्यासा म्हंजे चांगलाच झाला असंल. म्हणून मीपण पिले!"

समताला पुढचं वाचायला बराच वेळ थांबावं लागलं. पुढं तिसरं वेत होतं. तिथं पोचल्यावर तिचा आवाज आपोआप खाली आला. "रेडकू मेलेलं. काही करता आलं नाही. चंद्रीला कॅल्शियम देताना धडधड बिघडली, वेग कमी केला. चंद्री हंबरत होती. शालूबाई रडल्या नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. मला म्हणाल्या, तुम्ही जावा म्याडम, हिला कुणीतरी जवळ पायजे. मी गेले नाही. तिघी बसलो."

 पंख्यांचा आवाज येऊ लागला. शालूबाईंनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "व्हय. बसलो हुतो." मग लगेच, "फुडं वाचा. फुडं उठली बघा ती."

पुढं गेल्या माघातलं होतं, चंद्रीचं उठून उभं राहणं, ढेकरासकट. वाचून संपलं तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुणासाठी वाजवल्या ते सांगणं अवघड होतं. बहुतेक चंद्रीसाठी.

मग काय, उन्हाळ्याची काळजी राहिली बाजूलाच. माझ्या गौरीचं वाचा, आमच्या कपिलीचं वाचा. वडे थंड झाले. समता वाचत गेली आणि प्रत्येक घर आपापलं ऐकून कधी लाजलं, कधी भांडलं, कधी दुरुस्ती सांगू लागलं. "तो पाहुणा न्हवता, जावई हुता." समतानं दुरुस्त्या तिथल्या तिथं बोलून ठेवल्या. शेवटी मनुबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. तिच्याकडं एकच म्हैस होती, आणि समता तिच्याकडं एकदाच गेली होती.

समतानं वाचलं, "म्हैस निरोगी. लस दिली."

"आणि?"

"एवढंच हाय आज्जी."

मनुबाईंचा चेहरा उतरला. "शालीच्या म्हशीचं एवढं पुराण आणि माझ्या म्हशीचं दोन वळीत उरकलंसा? का, ती काय वाटंवर पडलीय?"

समताला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तिनं फोन म्हातारीच्या हातात दिला. "मग तुम्हीच सांगा आज्जी. मला माहीत न्हाई ते तुम्हाला माहीत हाय. हितं बोला."

मनुबाईंनी फोन दोन्ही हातांत, आरतीचं ताट धरावं तसा धरला. घसा साफ केला. "ऐक रं बाबा," त्या म्हणाल्या, आणि बोलायला लागल्या. नागोजींनी दोनदा घड्याळ बघितलं. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली तेव्हा त्यांच्या गोष्टीतली म्हैस अजून बाजारातून घरी यायची होती.

त्या दिवसानंतर गोष्टी आपोआप सरळ होत गेल्या. बाया समताला बोलावण्याआधीच नोंद पाठवायला लागल्या. कधीपासून खात नाही, दूध किती कमी आलं, शेण कसं आहे, आणि जाता जाता घरचं चार ओळींचं. समता निघण्याआधी सहायक ते सगळं त्या त्या म्हशीच्या फायलीत लावून ठेवायचा, आणि ती गोठ्यात शिरायची तेव्हा निम्मं काम झालेलं असायचं. दोनदा तर असं झालं की नोंद वाचूनच तिला शंका आली आणि ती ठरल्या दिवसाच्या आधी पोचली. काससुजी वेळेत सापडली, सड वाचला. खानापूरकडच्या रूपाली नावाच्या तिच्या एका मैत्रिणीनं, तीही जनावरांची डॉक्टर, 'कामाची रीत' मागून घेतली, आणि आठवड्याभरानं फोन करून सांगितलं, "समता, तुझी रीत मला चालत न्हाई गं. माझ्याकडं सगळ्या म्हशींना चांद हाय!" मग दोघींनी तासभर बसून रूपालीची वेगळी रीत लिहिली.

आणि एके दिवशी सकाळी खिडकीनं सांगितलं की आज कुठंच जायचं नाही. समतानं परत विचारलं. परत तेच उत्तर. रविवार होता. गेल्या कित्येक वर्षांत असा रविवार तिनं बघितला नव्हता. ती अंगणात गेली, आत आली, सोनुबाईनं निवडलेल्या तांदळात परत खडे शोधायला बसली.

तेवढ्यात फोन वाजला. मनुबाई होत्या. समता सवयीनं उठून बॅगेकडं वळली. "काय झालं आज्जी? कधीपासून?"

"काय झालं न्हाई. कालच्याला व्याली. रेडी झालीय. वार पडली, पान्हा घातला, सगळं बेस हाय. मी सांगितलंय त्याला रातीच, त्यानं लिवलं का न्हाई ते बघा." मनुबाईंनी दम घेतला. "खरवस केलाय. येताय का?"

समतानं आईला स्कूटरवर मागं बसवलं आणि दोघी अकोळला गेल्या. उसाला तुरे आले होते. सोनुबाई आयुष्यभर विड्या वळत घरात बसलेली बाई, ती वाटेत प्रत्येक गोठा बघून विचारत होती, ही कोण, ही कुणाची. समता सांगत होती. ही मारकी. ही भित्री. हिच्या मालकिणीची कन्या बेळगावात नर्स आहे.

मनुबाईंच्या दारात शालूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. नवी रेडी चार पाय चार दिशांना टाकत उभी राहायची आणि धपकन बसायची. सोनुबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली. रेडीनं तिचं बोट तोंडात घेतलं आणि चोखायला लागली.

"अगं बाई, हिला वर दात न्हाईत!" सोनुबाई लहान पोरीसारखी ओरडली. "खरबरीत जीभ हाय गं समे, बघ तरी!"

मनुबाईंनी वेलदोडा घातलेल्या खरवसाच्या वड्या ताटलीत आणल्या. समता पायरीवर बसून खात होती. समोर तिन्ही बाया त्या रेडीला काय नाव ठेवायचं यावर भांडत होत्या. सोनुबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. समतानं दुसरी वडी घेतली, मग तिसरी, आणि कुणी तिला उठवायला आलं नाही.